उजवी बाजू भिंतीकडे

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार मोठी माणसं दर रविवारी एका जागी बसवायची, त्यांच्या हाती एक अगदी बिनउपयोगी काम द्यायचं आणि तीन वर्षं त्यांच्या वाटेला जायचं नाही. किस्से आपोआप साठतात, माळ्यावरच्या सामानासारखे. घरातले म्हणतात टाकून द्या, आणि आपण एकेक उचलून बघत बसतो.

आमचं बिनउपयोगी काम म्हणजे शर्यतीच्या जुन्या मोटारींची हुबेहूब मॉडेलं करणं. गाव नगर, साल एकाहत्तरच्या पुढचं. खरी मोटारच गावात मोजक्यांकडे, तिथं दीड फुटाची कोण करणार? पण आम्ही केल्या. पुढे दोन-तीन झाल्या, तरी सांगण्यासारखं जे काही आहे ते सगळं पहिलीचंच.

* * *

सुरुवात डॉक्टर भालेरावांच्या दवाखान्यात झाली. भालेराव दातांचे डॉक्टर. पेशंटना चाळायला म्हणून त्यांनी भिंगार कॅम्पातल्या रद्दीतून विलायती मासिकं आणून ठेवली होती. इंग्रजी मासिक कुणी पळवत नाही, हा त्यांचा अनुभव.

एकदा सावळाराम मिस्त्री गाल धरून आले. मिस्त्रींचं स्टेशन रोडला लेथचं दुकान. आसपासच्या खेड्यांतले लोक पंपाचे, ऑइल इंजिनाचे झिजलेले पार्ट घेऊन यायचे आणि मिस्त्री नवीन करून द्यायचे. वय पंचावन्न, बोलणं मोजूनमापून. त्यांचा नंबर आला, नाव पुकारलं, पण मिस्त्री उठेनात. मांडीवर मासिक उघडं होतं आणि त्यात एका शर्यतीच्या मोटारीचा फोटो होता. लांबलचक नाक, तारांची चाकं, अंगावर सात नंबर, आत बसलेला ड्रायव्हर आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभा एक मेकॅनिक.

डॉक्टर स्वतः बाहेर आले. "चला मिस्त्री, दाढ काढायचीय ना?"

"दाढ कुठं पळून जातीय," मिस्त्री म्हणाले. "आधी मला सांगा, ही गाडी कुनाची?"

दाढ राहिली ती पुढे चार महिने राहिली. पुढच्या रविवारी ते पान मिस्त्रींच्या दुकानात खिळ्याला टांगलेलं होतं आणि खाली आम्ही चौघं बसलो होतो. बारीक अवजारं पाहिजेत म्हणून डॉक्टर, नकाशा काढायला पाहिजे म्हणून मी, कारण मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन, आणि रंगाचं बघायला काझी सर. काझी सर हायस्कूलात चित्रकला शिकवायचे.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. फोटो गाडीच्या डाव्या अंगाचा होता. उजव्या अंगाला काय आहे हे कळायला मार्ग नव्हता. पानाच्या तळाशी 'पुढील पानावर चालू' असं इंग्रजीत छापलं होतं आणि पुढचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं.

"लोकांना काही रीतच नाही," डॉक्टर चिडून म्हणाले. हे वाक्य आम्ही जपून ठेवलं.

* * *

मॉडेल करायचं तर खऱ्या गाडीची लांबी पाहिजे. ती कुठं लिहिलेली नव्हती. मी म्हटलं, शेजारच्या मेकॅनिकची उंची कळली तर गाडीचं माप निघेल. काझी सर म्हणाले, विलायती माणूस आहे, आपल्या उंचीचा धरून चालणार नाही. तेव्हा एक विलायती माणूस मोजायचा असं ठरलं.

डॉक्टरांच्या पेशंटांत एक फादर होते. राहुरीच्या बाजूला खेड्यापाड्यांत पंचवीस वर्षं काढलेले. मराठी खेड्यातच शिकल्यामुळे त्यांची बोली आमच्या मिस्त्रींच्या बोलीशी सख्खी. ते दात काढायला आले त्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि काझी सरांना बोलावून घेतलं. फादरांना इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस भरला, खुर्ची आडवी केली, आणि जबडा बधिर होईपर्यंत आम्ही टेप काढला. डॉक्टरांनी डोक्याशी धरला, मी टाचेशी, आणि काझी सरांनी आकडा वहीत लिहिला. फादर नुसते डोळे फिरवत होते.

दात निघाला, कापूस निघाला. फादर सावकाश उठून बसले आणि म्हणाले, "डाक्टर, खरं सांगा. दात लई अवघड हुता का? पेटीची मापं घेतली म्हनून इचारतो."

सगळं सांगितल्यावर ते इतके हसले की पुन्हा रक्त यायला लागलं. उंची निघाली सहा फूट एक इंच. मिस्त्रींनी आकडा ऐकला आणि मान हलवली. "एवढा उंच मेकॅनिक असंल तर गाडीखाली शिरंल कसा? चार इंच कमी करा." केले.

* * *

बहात्तर उजाडलं आणि पाऊस गेला तो गेलाच. आमच्या ऑफिसात दुष्काळी कामांचे नकाशे रात्रंदिवस चालले. आज पाझर तलाव, उद्या बंडिंग. मोटारीचा नकाशा मी जेवणाच्या सुट्टीत काढायचो. ऑफिसच्याच ट्रेसिंग कापडावर, हे कबूल करतो. व्हायचं तेच झालं. एक दिवस पाझर तलावांच्या गठ्ठ्याबरोबर सात नंबरचा नकाशाही साहेबांच्या टेबलावर गेला.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. नोकरी नवी नव्हती, पण मोटारीपायी घालवण्याइतकी जुनीही नव्हती. तिसऱ्या दिवशी गठ्ठा परत आला. माझ्या नकाशावर लाल शाईत तीन शेरे होते. एक, उत्तर दिशा दाखवलेली नाही. दोन, पाणलोट क्षेत्र नमूद नाही. तीन, सांडवा अपुरा वाटतो. दुरुस्तीसह फेरसादर करावे.

मी तो नकाशा घेऊन तडक दुकानात गेलो. डॉक्टर आणि काझी सर पोट धरून हसत होते. मिस्त्रींना हसू आलं नाही. "सांडवा म्हंजी?" त्यांनी विचारलं.

"तलाव भरला की जादा पाणी बाहेर जायची वाट."

मिस्त्री नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमचे सायब हुशार हायेत. धूर बाहेर जायाला ह्या बाजूला वाटच न्हाई. म्हंजी सायलेन्सरची नळी त्या बाजूला हाय."

उजव्या अंगाबद्दल आम्हाला कळलेली ही पहिली गोष्ट. तीही पाटबंधारे खात्यामुळे.

* * *

चाकांच्या तारा डॉक्टरांनी दिल्या, दात आवळायच्या तारेतून. प्रत्येक चाकाला छत्तीस. प्रश्न टायरचा होता. इंजेक्शनच्या बाटल्यांची बुचं झाली, पंपाचे वायसर झाले, काहीच मनाला येईना. मिस्त्रींना चांगलं झिजलेलं, काळं, घट्ट रबर पाहिजे होतं.

एका शनिवारी ते शिंगणापूरला गेले. देवाला तेल वाहिलं आणि परत फिरताना वाटेच्या कडेला चपलांचा ढीग दिसला. शनीची पीडा जावी म्हणून लोक पायातलं तिथंच सोडून अनवाणी घरी जातात. त्या ढिगात रबरी चपला होत्या, आणि टाचा अगदी पाहिजे तशा.

मिस्त्री अर्धा तास तिथंच उभे. गाव असं की घरांना दारं नाहीत, कुलूप कुणाला ठाऊक नाही, आणि चोरी करणाऱ्याची खैर नाही. शेवटी त्यांनी समोरच्या तेल-रुईच्या माळा विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं, "ह्यातलं दोन जोड घेतलं तर चोरी व्हईल का?"

दुकानदार म्हणाला, "चोरी कशाची? टाकलेलंच हाय. पर चपलेबरूबर त्यांनी आनखी काय टाकलंय ते तुमाला ठावं हाय. ते तुमच्या घरी येईल, एवढंच."

मिस्त्रींनी आणखी थोडा विचार केला. दोन जोड उचलले आणि फिट्टंफाट म्हणून पायातल्या नव्या कोऱ्या वहाणा ढिगावर ठेवल्या. एसटीतून अनवाणी नगरला आले. मिस्त्रीणबाई दारातच होत्या. "चार चाकं आनाया गेलता," त्या म्हणाल्या, "आन् दोन पाय उघडं करून आला."

टायर मात्र झकास झाले. त्यानंतर बोल्ट तुटला, पत्रा फाटला, रंग उडाला, काहीही झालं की डॉक्टर मान हलवून म्हणायचे, "कुणाची तरी साडेसाती." काझी सर म्हणायचे, "निदान दोघांची. जोड दोन होते."

* * *

फाडलेल्या पानाचा छडा लागला तो डॉक्टरांच्या तोंडूनच. एके रविवारी त्यांनी चहा संपवला. मग हळूच म्हणाले, "ते पान मीच फाडलं होतं. एका पेशंटची कवळी गुंडाळून द्यायला."

मिस्त्रींनी लेथ बंद केला. "पेशंट कुठला?"

"मिरजगावचे आबा."

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने चौघंही मिरजगावला. आबा सत्तरीचे, बैलांचे दर्दी. दुष्काळात दोनच बैल उरलेले, तेही चाऱ्याच्या छावणीत. आम्हाला बघून त्यांना वाटलं, कवळी परत मागायला आलेत. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि खुणेनंच काय ते विचारलं. डॉक्टरांनी पानाचं सांगितल्यावर चेहरा खुलला.

"हाय की, जपून ठिवलंय," म्हणाले आणि आत घेऊन गेले.

देवळीच्या वर, मातीच्या भिंतीला पान खळीनं चिकटवलेलं होतं. त्यावर कसल्याशा विलायती लोण्याच्या जाहिरातीतली एक गाय. काय गाय होती. आबा म्हणाले, "अशी कास ह्या तालुक्यात न्हाई. सकाळी उठून तोंड बघतो तिचं." गाडीची बाजू अर्थातच भिंतीकडे होती.

काढून घेऊ का, असं विचारल्यावर आबा गंभीर झाले. "दुस्काळात घरातली गाय भाईर जाऊ द्यायची? कागदाची असली म्हनून काय झालं?" तासभर विनवण्या झाल्या. तशीच्या तशी गाय काझी सर काढून देतील, पाहिजे तर वासरासकट, असं ठरलं तेव्हा आबा तयार झाले. डॉक्टरांनी ओल्या कापसानं आणि दातांच्या अवजारानं पान सोडवायला घेतलं. खळ आबांनी स्वतः शिजवलेली होती, ती काय ऐकतेय. पानाचे तुकडे तुकडे झाले. गाडीचं म्हणून जे हाताला लागलं ते एक चाक.

संध्याकाळी परतीची एसटी धरली. मिस्त्री ते चाक तळहातावर घेऊन बसले होते. नगर यायच्या आधी, की आल्यावर, काझी सर म्हणाले, "एक मात्र नक्की झालं. उजव्या बाजूलाही चाक गोलच आहे."

* * *

रंगाचं थोडक्यात सांगतो, कारण काझी सरांना अजून त्रास होतो. फोटो काळा-पांढरा. सरांनी बारा पट्ट्या बारा रंगांनी रंगवल्या, स्टुडिओत नेऊन त्यांचा काळा-पांढरा फोटो काढून घेतला आणि कुठल्या रंगाचा करडा आपल्या गाडीच्या करड्याशी जुळतो ते भिंगातून तपासलं. तीन जुळले. गर्द लाल, बाटलीचा हिरवा आणि निळा. निळा सरांनीच बाद केला. म्हणाले, इतकी देखणी गाडी कोण निळी करील?

लाल आणि हिरव्यावर दोन रविवार वाद झाला. मग मिस्त्री बाजारात गेले. पोळा जवळ आलेला, पण दुष्काळाचा, बैल छावणीत. दुकानदाराकडे शिंगांना लावायचा लाल रंग पडून होता. वाद तिथंच मिटला.

* * *

आता उजवी बाजू. ती तर करायलाच हवी होती, नाहीतर गाडी उभी कशी राहणार?

मिस्त्रींनी तीस वर्षं इंजिनं खोललेली. ते फोटोसमोर स्टूल टाकून बसायचे आणि डाव्या बाजूवरून उजवी काढायचे. पेट्रोलची नळी इथून आत गेली, म्हणजे तिकडं अमुक. सायलेन्सरची नळी उजवीकडं, म्हणजे पत्र्याला तिथं भोक आणि भोकाभोवती जादा रिव्हेट. गाडीत बसलेल्या ड्रायव्हरचा डावा हात स्टिअरिंगवर दिसायचा, उजवा खांदा किंचित खाली झुकलेला. मिस्त्री म्हणाले, "त्याचा हात भाईर कशावर तरी हाय. ब्रेकचा दांडा भाईरनं हाय." आणि त्यांनी पितळेचा दांडा केला, करंगळीएवढा, खाली-वर होणारा.

उजव्या बाजूला सात महिने लागले आणि गाडी पुरी झाली. मला तर रडूच आलं. डॉक्टर तिच्याभोवती तीन वेळा फिरले. मिस्त्रींनी ती उचलली, फळीवर ठेवली आणि उजवी बाजू भिंतीकडं केली.

"असं का?" मी विचारलं.

"डावी बघून केलीय. उजवी न बघता केलीय. न बघितलेलं केलं त्याला कारागिरी म्हनत न्हाईत कुलकर्नी, थाप म्हनतात. गिऱ्हाइकाला मी आजवर थाप मारली न्हाई."

ते मनाला इतकं लावून घेतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. माणूस रात्री जेवताना बायकोला म्हणायचा, ती बाजू खोटी निघाली तर? शेवटी काझी सरांच्या सुरेख अक्षरात मासिकाच्या पत्त्यावर इंग्रजी पत्र गेलं. आम्ही नगरचे चौघं, सात नंबरची गाडी केली आहे, डावी बाजू आपल्या फोटोवरून, उजवी आमच्या मिस्त्रींच्या डोक्यातून, तरी उजव्या बाजूचा फोटो कृपया पाठवावा.

पत्र पेटीत पडलं तसं मिस्त्रींनी सांगून टाकलं. "उत्तर येऊ द्या. बाजू खोटी निघाली तर हातोडा घालून मोडनार. न्हाई म्हनायचं न्हाई कुनी."

त्यांनी शब्द दिला की तो पाळायचे, ही त्यांची ख्याती होती. तेव्हापासून पोस्टमन दिसला की आम्ही रस्ता बदलायचो. आम्ही तिघांनी गुपचूप ठरवलं की पत्रात काहीही असो, काझी सर ते मराठीत वाचून दाखवतील आणि बाजू बरोबर आहे असं सांगतील. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, हाच काय तो आधार.

* * *

दरम्यान पाऊस झाला, पिकं उभी राहिली, आणि थंडीत राहुरीला शेतकी प्रदर्शन भरलं. डॉक्टरांनी खटपट करून आमच्या गाडीला जागा मिळवली. मोटारींचा विभाग कुठून असणार? 'सुधारित अवजारे' या तंबूत, एका बाजूला पेरणीयंत्र, दुसऱ्या बाजूला फवारणी पंप, आणि मध्ये आमची सात नंबर. उजवी बाजू कनातीकडे.

दिवसभर एकच प्रश्न. "ह्याला नांगर कुठं जोडायचा?" दुपारनंतर डॉक्टर कंटाळून "मागं" असं सांगायला लागले, तर दोघांनी किती बैल लागतात तेही विचारलं.

संध्याकाळी मिरजगावचे आबा आले. कवळी घालून, कडक फेटा बांधून. गाडी डावीकडनं बघितली, वाकून बघितली, आणि म्हणाले, "फिरवा."

मिस्त्री म्हणाले, "ती बाजू बघायची न्हाई आबा."

"का न्हाई? मी कधी एका अंगानं बघून बैल घेतला न्हाई. झाकलं अंग दुकतं असतंय." असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी गाडी उचलली आणि फिरवून ठेवली.

मिस्त्री पंपाच्या मागं जाऊन उभे राहिले. आबांनी नळी बघितली, रिव्हेट बघितले, ब्रेकचा दांडा बोटानं खाली-वर केला.

"ही बाजू चांगली हाय," शेवटी आबा म्हणाले. "ती नुसती बघून केल्यावानी वाटती. हितं कुनाचं तरी डोकं चाललंय."

मी मिस्त्रींकडे बघितलं. वाटलं, आता तरी माणूस हसेल. मिस्त्री जवळ आले, गाडी पुन्हा कनातीकडं फिरवली आणि म्हणाले, "बैलातलं इचारा त्यांना."

बक्षीस मिळालं. उत्तेजनार्थ, संकरित ज्वारीचं बियाणं.

* * *

पत्र आलं ते जवळजवळ दीड वर्षानं. पोस्टमननं ते दवाखान्यात न देता सरळ दुकानात दिलं, आणि तिथंच आमचा बेत फसला. मिस्त्रींनी पाकीट फोडलं नाही. रविवारपर्यंत लेथच्या फळीवर ठेवलं, आणि वर हातोडा ठेवला. वजन म्हणून, असं ते म्हणाले.

रविवारी आम्ही तिघं गेलो. काझी सरांनी चष्मा पुसून हात पुढं केला. मिस्त्री म्हणाले, "तुमी नगं, सर. राग मानू नका. तुमी तिघं माज्यावर माया करता." आणि आतल्या बाजूनं फादर बाहेर आले. मिस्त्री स्वतः राहुरीच्या एसटीनं जाऊन त्यांना घेऊन आले होते. "फादर खोटं बोलत न्हाईत," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरांनी माझा हात दाबला. गाडी फळीवर होती, उजवी बाजू भिंतीकडे. मिस्त्रींनी हातोडा उचलून मांडीवर घेतला आणि स्टुलावर बसले.

फादरांनी पाकीट फोडलं. एकच कागद होता, फोटो नव्हता. त्यांनी आधी सगळं मनात वाचलं. मग एकेक ओळ मराठीत सांगायला लागले. विलायतेचं पत्र आम्ही राहुरीच्या बोलीत ऐकलं.

"लिवतात, तुमचं पत्र पोचलं. उशीर झाला, माफी असावी. सात नंबरची गाडी एकच केली हुती. रंग निळा हुता."

काझी सर डोळे मिटून खाली बसले.

"पुढच्या पानावर जी गाडी हुती ती ही नव्हं, दुसरीच."

मिस्त्री पत्र्याच्या डबीत जपून ठेवलेल्या त्या एका चाकाकडे बघायला लागले.

"पुढं लिवतात, ती गाडी एका शर्यतीत उलटली आन् जळाली. ज्या कारखान्यानं केली तो लढाईत गेला, नकाशं गेलं. तिचा ह्यो एकच फोटो ऱ्हायलाय. ज्यानं काढला तो डाव्या अंगाला उभा हुता. उजवी बाजू बघितलेला मानूस आमच्या म्हाईतीत आता कुनी ऱ्हायला न्हाई."

फादर थांबले. मिस्त्रींनी विचारलं, "मंग? खोटी का खरी?"

"ते लिवलेलं न्हाई," फादर म्हणाले. "शेवटी असं लिवतात. आमच्या संग्रहात उजव्या बाजूची जागा रिकामी हाय. तुमच्या मिस्त्रींनी ती कशी केलीय त्याचा फोटो पाठवाल का? तो आमी तितं लावू. खाली मिस्त्रींचं नाव लिवू."

डॉक्टर ताडकन उठले. म्हणाले, स्टुडिओवाला घरीच असेल, त्याला आत्ता बोलावतो, टॅक्सी करतो, कपडे बदला मिस्त्री. मी कागद फादरांच्या हातातून घेऊन, ते जे म्हणाले ते खरंच लिहिलंय का, हे दोनदा बघितलं. लिहिलं होतं.

मिस्त्री उठले. हातोडा खिळ्याला अडकवला. फळीवरून गाडी खाली घेतली आणि उजवी बाजू आमच्याकडे करून टेबलावर ठेवली. इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःच्या हातानं ती पहिल्यांदाच आमच्याकडे फिरवली. खाली वाकले, नळी बघितली, रिव्हेट बघितले, मग करंगळीनं ब्रेकचा दांडा एकदा खाली केला आणि एकदा वर केला.

"फोटो आज नगं," ते म्हणाले.

"का हो?" डॉक्टर म्हणाले.

मिस्त्रींनी कानसांचा डबा पुढं ओढला. "ह्यो दांडा मी अंदाजानं केलाय. आता अंदाजानं चालायचं न्हाई."